सरसाच्या भांड्यापासून गाडीच्या डिकीपर्यंत : आमची वाटचाल

आम्ही गाडीतल्या वूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचे, लाकडी बॉक्स बनवतो. आमचे आण्णा मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत दुसऱ्यांच्या कारखान्यात कारागीर होते. या गावात संस्थानी काळात हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले आणि सतार-तंबोऱ्यांचा धंदा उभा राहिला. २०२४ साली त्याला भौगोलिक (जीआय) मानांकनही मिळालं. आण्णांच्या वाट्याला बहुतेक वेळा चिकटवण्याचं काम यायचं. रात्री सरसाचे, म्हणजे कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचे, तुकडे पाण्यात भिजत घालायचे, सकाळी ते भांडं गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून पातळ करायचे. कातड्या-हाडांचा तो वास त्यांच्या सदऱ्याला कायम असायचा. "सरस उकळला की मेला," हे वाक्य मी शाळेत पाढे पाठ होण्याआधी ऐकलंय.

मी मात्र सतारीकडे गेलो नाही. सांगलीत गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात सीट कव्हर चढवायचं, स्टिरिओ बसवायचं काम धरलं. तेव्हा वूफरचे बॉक्स बाहेरून तयार यायचे. वरून झकास कार्पेट आणि आत पार्टिकल बोर्ड. असाच एक बॉक्स पंढरपूर रोडच्या खड्ड्यांनी खिळखिळा होऊन परत आला. गिऱ्हाईक दुकानात आवाज चढवत होतं, मालक मला बघत होते. मी तो बॉक्स संध्याकाळी घरी नेला आणि आण्णांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून उघडलेला सांधा बघितला. स्टेपलच्या पिना आणि मध्ये मध्ये गोंदाचा एकेक थेंब, बास. म्हणाले, "ह्याला चिकटवलं नाही रे, टाचलंय."

तो बॉक्स त्यांनी दुरुस्त केला नाही. रविवारी परसात बसून आम्ही नवीनच केला, १८ एमएमच्या एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा. आमच्या धंद्याची सुरुवात ती. २००७ साल. पुढं धाकटा भाऊ आला, कुपवाड रोडला पत्र्याचं शेड घेतलं, टेबल सॉ आला, राउटर आला. हे सगळं कुणाच्याही वाटचालीत असतंच. आमची खरी शाळा झाली ती गोंदाची.

आण्णांना एक गोष्ट पटायला वेळ लागला. सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावरची फळी, पातळ असते, कारण तिनं थरथरायचं असतं. वूफरच्या बॉक्सनं मुकाट बसायचं असतं. थरथरायचं काम एकट्या कोनचं, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या पडद्याचं. १२ इंची वूफरला साधारण एक-सव्वा घनफुटाचा बंद बॉक्स लागतो, आणि त्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. ४० हर्ट्झचा ठोका म्हणजे कोन सेकंदाला ४० वेळा बाहेर आणि ४० वेळा आत. प्रत्येक वेळी प्रत्येक सांध्याला एकदा ढकलायचं, एकदा ओढायचं. केसाएवढी फट राहिली तरी तिथून हवा फुसफुसते आणि ठोका ढिला पडतो. म्हणजे इथं गोंदाला दोन कामं. लाकूड धरायचं आणि हवा अडवायची. दुसरं काम आम्ही सुरुवातीला धरलंच नव्हतं.

त्याची फी भरली २०११ च्या मे महिन्यात. जतचं गिऱ्हाईक, घरचं लग्न, बॉक्स उद्याच पाहिजे. त्या आठवड्यात आमचा नेहमीचा गोंद संपला होता. एका लोकल कंपनीचा स्वस्त पांढरा गोंद आणला, तो घट्ट वाटला म्हणून भावानं त्यात पाणी घातलं. शिकंजे (क्लॅम्प) कमी होते, म्हणून अर्ध्या तासात पहिल्या सांध्याचे काढून दुसऱ्याला लावले. लग्नात बॉक्स धडाडला. तीन आठवड्यांनी फोन आला, "आवाज फाटतोय, वूफर गेला वाटतं." वूफर शाबूत होता. मागची फळी खालच्या कडेला दीड-दोन मिलिमीटर सरकली होती आणि स्क्रू आपल्या भोकात हलत होते.

आण्णांनी ती फळी हातानं उचकटली. एमडीएफची कड नखानं खरवडून मला दाखवली. कडेवर गोंद नव्हताच. एमडीएफचा वरचा भाग गुळगुळीत आणि घट्ट असतो, पण कापलेली कड टीपकागदासारखी. पातळ गोंद तिनं पिऊन टाकला, सांध्यात काही उरलंच नाही. जे उरलं होतं ते जतच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत मऊ पडलं. पांढऱ्या गोंदाचा हा स्वभावच आहे. तापला आणि वर सतत ताण राहिला की तो तुटत नाही, हळूहळू सरकतो. सरस कोरडा असला की असा सरकत नाही, पण ऊब आणि ओल लागली की सुटतो, आणि वाद्याला ते सोयीचं. सांधा मुद्दाम उघडता येतो, दुरुस्ती करता येते. डिकीत कुणाला सांधा उघडायचाय?

जतला नवा बॉक्स फुकट करून दिला. त्याच आठवड्यात शेडच्या पत्र्यावर आमची प्रयोगशाळा सुरू झाली. एमडीएफच्या पट्ट्या टी आकारात चिकटवायच्या, प्रत्येकीवर पेन्सिलनं गोंदाचं नाव, खाली तारेनं वीट टांगायची आणि मेच्या उन्हात सोडून द्यायचं. ग्लू गनची कांडी पहिल्याच दुपारी लोळली. आमचा स्वस्त पांढरा चौथ्या दिवशी वीट घेऊन खाली आला. पीयू (पॉलियुरेथेन) गोंद फुगून फट भरतो, म्हणून भाऊ त्याच्यावर खूश होता. पण जिथं फट मोठी ठेवली होती तिथं आत नुसती जाळी, बत्तासा मोडावा तशी मोडली. इपॉक्सी हलला नाही. पण रेझिन आणि हार्डनर मोजून कालवायचं, वेळेत संपवायचं, आणि सगळ्या बॉक्सला तोच लावायचा तर धंदा गुंडाळावा लागेल. चांगल्या प्रतीचा, पाण्याला टिकणारा पांढरा गोंद, शिकंजा नीट लावलेला, हाही टिकला. हातोडीनं फोडला तर सांध्यात फुटला नाही, शेजारचा एमडीएफ सोलून घेऊन आला. लाकूड आधी फाटलं पाहिजे. आमच्याकडं पास-नापास एवढ्यावरच ठरतं.

तेव्हापासून फळ्यांच्या जोडाला तोच गोंद. कडेला आधी एक हात लावायचा, पाच-दहा मिनिटं पिऊ द्यायचं, मग दुसरा हात आणि लगेच जोड. शिकंजा आवळला की सांध्यातून बारीक मण्यांची ओळ बाहेर आली पाहिजे. मणी आले नाहीत तर गोंद कमी, ओघळ आले तर जास्त. आणि पैलवानासारखं आवळायचं नाही, नाहीतर सगळा गोंद बाहेर आणि सांधा कोरडा. स्क्रू आम्ही आजही मारतो, भोक पाडून, कारण न पाडता कडेत मारला की एमडीएफ चिरतो. पण गोंद सुकेपर्यंत फळी जागेवर धरणं एवढंच स्क्रूचं काम.

एकदा तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी स्वयंपाकघराच्या फर्निचरमधून उरलेला प्रीलॅम बोर्ड, म्हणजे आधीच लॅमिनेट चढवलेला, आणून दिला, ह्याचाच बॉक्स करा म्हणाले. पांढऱ्या गोंदातलं पाणी लाकडात मुरलं तरच तो धरतो. लॅमिनेटवर ते मुरणार कुठं? जोडापुरतं लॅमिनेट रंध्यानं आणि पटाशीनं काढण्यात अख्खा दिवस गेला. आता असा माल आला की हात जोडतो.

आतल्या कोपऱ्यांना आम्ही काही दिवस सिलिकॉन भरत होतो. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो पूर्ण जाण्याआधी वूफर बसवला तर आतल्या धातूला ते बरं नाही. शिवाय सिलिकॉनचा हात जिथं लागला तिथं रंग बसत नाही, फाटतो. ते बंद केलं. आता गोंदात एमडीएफचाच भुसा कालवून लांबी (पुटी) करतो आणि बोटानं कोपऱ्यात ओढतो. पोर्टचा, म्हणजे बॉक्समधली हवा ये-जा करायच्या तोंडाचा, पीव्हीसी पाइप असेल तिथं मात्र इपॉक्सी, आणि आधी पाइप पॉलिश पेपरनं खरबरीत करून. प्लंबरचं सोल्युशन पाइपाला पाइप जोडतं, लाकडाला नाही.

कार्पेटला रबरचा गोंद. दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की टेकवायचं. एकदा टेकलं की टेकलं, सरकवायला मिळत नाही. हे काम आमच्या वहिनी करतात, शेडची दोन्ही दारं उघडी ठेवून. त्या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि पेटही लगेच घेते. म्हणून गळती तपासायची उदबत्ती आम्ही कधीही त्या बाजूला नेत नाही. ती उदबत्ती आण्णांची कल्पना. वूफर बसवून कमी फ्रिक्वेन्सीचा टोन लावायचा आणि सांध्यासांध्यावरून धूर फिरवायचा. धूर जिथं दचकला तिथं फट. सुरुवातीला गिऱ्हाईक हसायचे, पूजा चालली आहे म्हणून. आता स्वतःच विचारतात, उदबत्ती फिरवली का.

आण्णा हल्ली दुपारी येऊन बसतात. तयार बॉक्सवर बोटाच्या पेरानं टकटक करतात, जशी आयुष्यभर सतारीच्या भोपळ्यावर केली. आवाज घुमला तर भावाला बोलावून आत आडवी पट्टी मारायला सांगतात. ठस्स वाजला तर काही न बोलता चहा मागतात.

जतचे ते गिऱ्हाईक अजून येतात. त्यांनी तीन गाड्या बदलल्या, बॉक्स तोच आहे.

'उद्या द्या' म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. शिकंजे निदान तासभर, नंतर पूर्ण २४ तास बॉक्सला हात नाही, मग कार्पेट, मग उदबत्ती. ऑर्डर दिल्यापासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बॉक्स मिळतो. पावसाळ्यात चौथ्या.