कारखाना बंद होण्याआधीचे साठ दिवस

मार्च २०२४. शिमग्याची पालखी गावात फिरत होती आणि निम्मे कामगार रजेवर होते. अशा वेळी शेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की ३१ मेनंतर कारखाना चालवायचा नाही. रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी टाइम ऑफिस, म्हणजे हजेरीचं काम, सांभाळायचो. कोळंबी, म्हाकूल सोलायचं, साफ करायचं, गोठवायचं आणि परदेशी पाठवायचं, असं काम.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सोलणीच्या बायका ते दोन महिने दरवर्षी घरीच असतात. शेठचं म्हणणं, बंदीला गेट लागेल ते लागेल, वेगळं कशाला सांगायचं? ते माणूस म्हणून वाईट नव्हते, बँकेच्या हप्त्यांनी टेकीला आले होते. पण १ ऑगस्टला डबा घेऊन गेटवर आलेल्या बायका मला तिथेच डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. मी म्हटलं, "शेठ, सरकारला साठ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही."

तेव्हा औद्योगिक विवाद कायदा, १९४७ लागू होता. पन्नास किंवा जास्त कामगार असलेला उद्योग बंद करायचा, तर किमान ६० दिवस आधी, कारण स्पष्ट लिहून, शासनाला नोटीस. शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना असेल तर नुसती नोटीस पुरत नसे, ९० दिवस आधी परवानगी मागावी लागे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली. त्यात परवानगीची मर्यादा तीनशेवर गेली आहे, पन्नास आणि साठ दिवस मात्र तसेच आहेत.)

पहिला वाद आकड्यावरून झाला. शेठ म्हणाले, "आपले कामगार एक्केचाळीस. पन्नास कुठे आहेत?" कायम असलेले एक्केचाळीस होते, हे खरं. पण सोलणीच्या टेबलावरच्या एकतीस बायका रोजंदारीवर होत्या. त्यांना कंपनी थेट व्हाउचरवर पैसे द्यायची, मध्ये ठेकेदार नव्हता. कायद्यात कामगार म्हणजे फक्त कायम कामगार असं कुठेही नाही. एकूण बहात्तर. मी बारा महिन्यांचे हजेरीपट काढून रोजची सरासरी मांडली, तीही पन्नासच्या वर आली. तो कागद टेबलावर ठेवला तेव्हा शेठ गप्प झाले.

दुसरी अडचण तारखेची. ३१ मेपासून साठ दिवस मागे मोजले की १ एप्रिल येतो. पण २९ मार्चला गुड फ्रायडे, पुढे शनिवार-रविवार, आणि सरकारी कार्यालयांना आता सगळेच शनिवार सुट्टी. म्हणजे हाताशी गुरुवार, २८ मार्च. १ एप्रिलवर भरवसा ठेवून एक दिवस जरी चुकला असता, तर बंदची तारीख पुढे ढकलावी लागली असती. कॅलेंडर समोर ठेवूनच मोजा, एवढं मी कळकळीने सांगेन.

खरी झटापट झाली ती कारणाच्या रकान्यावर. सल्लागाराने मसुद्यात लिहून दिलं होतं, "मालकाच्या नियंत्रणाबाहेरील अपरिहार्य परिस्थितीमुळे." वाचायला साधं वाटतं. पण या शब्दांवर कामगाराचे पैसे ठरतात. उद्योग बंद झाला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा असतो. बंद अपरिहार्य ठरला, तर ही भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर थांबते. चौदा वर्षं टेबलाशी उभं राहून कोळंबी सोललेल्या बाईला सात महिन्यांचा पगार मिळायचा, तिथे तीनच मिळाला असता. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की नुसती आर्थिक अडचण, तोटा किंवा न खपलेला माल याला अपरिहार्य परिस्थिती म्हणता येत नाही. मी ते शेठना मोठ्याने वाचून दाखवलं. नोटिशीत शेवटी जे खरं होतं तेच गेलं: निर्यातीच्या ऑर्डर घटल्या, मासळीची आवक कमी, वीजबिल आणि कर्जाचा भार. सल्लागार नाराज झाला. होऊ दे.

२८ तारखेला कामगार विभागाच्या नावाने रजिस्टर एडीने नोटीस गेली, आणि जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मी स्वतः प्रत घेऊन गेलो. आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडलो. तेव्हाच्या ग्रॅच्युइटी कायद्याखालीही बंदची सूचना साठ दिवस आधी द्यावी लागे, तीही त्याच दिवशी दिली.

सरकारला नोटीस दिली म्हणजे कामगारांना सांगितलं असं होत नाही. त्यांना लेखी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार वेगळा द्यायचा असतो. शेठ म्हणत होते, एप्रिलअखेर देऊ. मी म्हटलं, उद्या कार्यालयातून कोणी चौकशीला आलं आणि कामगारांना बाहेरून कळलं, तर मी त्यांच्यासमोर कसा उभा राहू? त्याच संध्याकाळी पाळी सुटताना मी गेटवर मराठीतली नोटीस लावली आणि वाचून दाखवली. मिऱ्याच्या एक मावशी सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, ऑगस्टला बोलवणार नाय?" मी नाही म्हटलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता सांगितलास ते बरा झाला. पोराच्या फीचा बघूक होयो."

एप्रिल निवडणुकीत गेला. आमच्याकडे ७ मेला मतदान होतं, कर्मचारी त्या कामाला जुंपलेले, म्हणून कार्यालयात दोन खेपा जास्त पडल्या. त्यांनी प्रत्येक कामगाराची यादी मागितली: रुजू तारीख, पगार, देणी.

ती यादी करताना २४० दिवसांचा हिशेब आला. मागच्या बारा महिन्यांत तेवढे दिवस भरले तरच भरपाई. बंदीचे दोन महिने आणि आठवड्याच्या सुट्ट्या वजा केल्या की उरतात जेमतेम २६१ दिवस. त्यात गणपती, शिमगा, आजारपण. एका वहिनींचे ३१ मेअखेर २३६ भरत होते. मी तीन रात्री रजिस्टरं चाळली. पगारी रजेचे पाच दिवस रजेच्या वहीत होते, हजेरीपटात चढलेच नव्हते. ते कायद्याने धरायचे असतात. २४१ झाले.

पीएफचं काम किचकट निघालं. आधारवर सासरचं नाव, पीएफला माहेरचं, आणि जन्मतारखा जुळत नाहीत. कारखाना चालू असताना मालकाची सही मिळते, गेटला कुलूप लागल्यावर तिच्यासाठी वणवण करावी लागते. म्हणून संयुक्त घोषणापत्रं, म्हणजे या दुरुस्त्यांचे मालक-कामगारांच्या सह्यांचे अर्ज, मेमध्येच भरून घेतली. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रातही एक प्रत नेऊन दिली, आणि ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांची 'महास्वयं' या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी जेवणाच्या सुट्टीत बसून केली.

३१ मेला शेवटची म्हाकूल गोठवली. पगार दोन दिवसांत झाले, भरपाई दोन हप्त्यांत.

मिऱ्याच्या मावशींची ग्रॅच्युइटी अजून अडकली आहे. त्यांची पहिली चार वर्षं कंपनी मानायला तयार नाही, कारण त्या काळाची व्हाउचरं सापडत नाहीत. कामगार कार्यालयाला दिलेल्या यादीत मात्र त्यांची खरी रुजू तारीख आहे आणि खाली शेठची सही. आवकचा शिक्का असलेली ती प्रत माझ्याकडे आहे. पुढच्या सुनावणीला मी ती घेऊन जाणार आहे.