दव गोठण्याआधी: लिंगमळ्याच्या उतारावरची परसबाग

महाबळेश्वरात वेण्णा लेकवरून लिंगमळ्याकडे जाताना जो खोलगट पट्टा लागतो, त्याच्या कडेला आमचं घर आहे. ‘वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले’ ही बातमी आणि सोबत गाडीच्या टपावरच्या पांढऱ्या थराचा फोटो हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतो, तो आमच्याच भागातला. पर्यटक पहाटे उठून ते बघायला येतात. आम्हा परसबाग करणाऱ्यांसाठी मात्र त्या पहाटे मिरची, टोमॅटो, घेवडा आणि अळू यांचा हंगाम संपतो. बहुतेक वेळा हे डिसेंबर-जानेवारीत होतं, पण एखाद्या वर्षी नोव्हेंबर सरतानाच गवत पांढरं होतं. म्हणून आमच्या घरात तुळशीचं लग्न लागलं की तयारीला हात लागतो. या तयारीबद्दल विचारणारे बरेच भेटतात, म्हणून मी ती कशी करते ते सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी जागा समजून घ्यावी लागते. वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये बांधून घेतला. पाणी उतरून साठेल अशी ही जागा, आणि पाणी जिथं उतरतं तिथंच गार हवाही उतरते, कारण गार हवा जड असते. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडते, जमिनीलगतची हवा थंड होते आणि उताराने घरंगळत खोलगटात येऊन बसते. त्यामुळे गावात बाजारपेठेत पारा सहा-सात अंशांवर असतानाही इकडे गवतावरचं दव गोठलेलं असतं. वेधशाळेचा तापमापक माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पेटीत असतो. आपली रोपं जमिनीला टेकून उघड्यावर असतात. आकडा वाचून निर्धास्त राहणारे इथंच फसतात.

हाच हिशोब घराभोवतीही लागू होतो. आमच्या परसात वरच्या अंगाला, दगडी भिंतीजवळ, मिरची जानेवारीतही तग धरते, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. खालच्या बांधाला वाफे टेकतात तिथं मात्र सगळ्यात आधी पांढरं होतं. बांध सलग असेल तर गार हवा त्याच्यामागे तुंबून राहते. म्हणून बांधाच्या खालच्या कोपऱ्यातलं गवत-झुडूप मी कार्तिकातच साफ करते आणि हवेला पुढे ओढ्याकडे निघून जायला वाट करून देते. झाकपाक करण्याआधी हे काम करावं. खर्च काही नाही आणि गुण मोठा.

झाकायला आम्ही पावसाळ्यात भिंतींना लावलेल्या गवताच्या झडी वापरतो. आता पुष्कळ घरांना पत्रे आणि प्लॅस्टिक आलं, पण आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, झडी सोडल्या नाहीत आणि मला त्याचा आनंद आहे. पाऊस संपला की झडी उतरवून उन्हात वाळवायच्या आणि पडवीत उभ्या करून ठेवायच्या. थंडीत चार बांबूंवर त्या आडव्या टाकल्या की वाफ्याला छप्पर होतं. झडी पुरल्या नाहीत तर गोणपाट. प्लॅस्टिक वापरलंच तर ते पानाला टेकता कामा नये, टेकलं की पान तिथंच करपतं. आणि ऊन चढलं की झाकण काढायचंच, नाहीतर आत रोप उकडून निघतं. अंगणातल्या तुळशीलाही थंडी सोसत नाही. वृंदावनाला रात्री जुनं लुगडं गुंडाळायचा आत्यांचा नेम आहे.

पाण्याबद्दल गैरसमज फार. गारठ्यात पाणी दिलं तर रोपं आणखी गारठतील, असं वाटतं. खरं तर ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी, भुसभुशीत जमीन लवकर गार होते. म्हणून आकाश स्वच्छ दिसलं की मी दुपारी वाफे नीट भिजवते, पानांवर पाणी न उडवता. त्याच दिवशी मिरची-वांग्याच्या बुडाशी पसरलेलं पिंजार, म्हणजे वाळका पेंढा, बाजूला ओढते. पिंजार असलं की ऊन मातीपर्यंत पोचत नाही, आणि मातीची ऊबही वर येत नाही. मुळं सुखात राहतात, पण वरचा पाला उघडा पडतो. गाजर आणि लाल मुळ्याच्या वाफ्यात मात्र पिंजार जाडच ठेवायचं. त्यांना उपटायचीही घाई नको, कारण थंडीत गाजर साखर धरतं आणि गोठल्यानंतरचं गाजर जास्त गोड लागतं. मेथी, पालक, कोबी यांची काळजी नाही. वाटाण्याची वेल टिकते, फुलं आणि कोवळ्या शेंगा जातात.

जे झाकता येत नाही ते घरात आणायचं. इथं परस आणि कोठीची खोली ही दोन कामं राहत नाहीत, एकच होतात.

टोमॅटोचं सांगते, कारण सगळ्यात जास्त माल तिथं वाया जातो. फळ पुरतं भरलं असेल आणि हिरव्यावर पांढुरकी झाक आली असेल, तर ते तोडल्यावरही पिकतं. अशी फळं देठाकडची बाजू खाली करून, एकमेकांना न टेकवता, वर्तमानपत्रावर एका थरात लाकडी पेटीत मांडते. मध्ये एखादं पिकलं केळं ठेवलं की लवकर रंग धरतात. फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत; फार गारव्यात ती पिकत नाहीत, नुसती मऊ पडतात. आमच्याकडे पेटी चुलीच्या खोलीत फळीवर असते. लहान, गडद हिरवी फळं मात्र पिकायची नाहीत. त्यांची तीळ, शेंगदाणे, लसूण आणि हिरवी मिरची भाजून चटणी करायची. भाकरीबरोबर ही चटणी असली की मला दुसरं कालवण लागत नाही.

मिरची इथं वाळवणं कठीण. दिवसा ऊन चांगलं असलं तरी संध्याकाळी दव उतरतं आणि मिरची पुन्हा ओलावते, मग बुरशी. म्हणून लाल झालेल्या मिरच्या पोत्यात भरून वाईला बहिणीकडे जातात. पसरणीचा घाट उतरला की हवा कोरडी आणि उबदार, तिथं त्या खडखडीत वाळतात. हिरव्या जाड मिरच्यांमध्ये धने, मेथी, हिंग, मीठ भरून, दह्यात मुरवून सांडगी मिरची करायची, तीही वाळायला वाईलाच.

घेवड्याच्या पिवळ्या पडलेल्या शेंगा वेलासकट उपटून माळ्यावर उलट्या टांगते. सालं कडकडीत झाली की काठीने बडवायचं. दाणे उन्हात तापवून, गार करून, एरंडेलाचा हात फिरवून डब्यात. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा नावाजलेला आहे, आमचा तेवढा देखणा नसतो, पण आमटीला रंग आणि चव दोन्ही देतो. लाल भोपळा देठासकट, चार बोटं देठ ठेवूनच कापायचा. देठ मोडला की तिथून सडतो. काही दिवस उन्हात साल कडक करून घ्यायची आणि मग पिंजारावर, भोपळ्याला भोपळा न लागेल असा ठेवायचा. बटाटे अंधारात, पण फार गार जागी नको, नाहीतर गोडसर होतात.

या दिवसांत बरणीतला मध घट्ट होतो, दाणेदार दिसायला लागतो. पाहुणे लगेच विचारतात, साखर घातलीय का? नाही. मध थंडीत साखर धरतो, तो त्याचा स्वभाव आहे. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो मोकळा होतो. गॅसवर उकळायचा नाही. आवळेही याच सुमारास येतात, मोरावळा तेव्हाच घालून टाकते.

आता ती रात्र ओळखायची कशी? दिवसभर ऊन लख्ख, सूर्य बुडताना वारा पडलेला आणि आकाशात एकही ढग नाही. शेजारचे स्ट्रॉबेरीवाले दादा कुंपणाशी येऊन म्हणतात, “वैनी, आज वारा पडलाय, पहाटे गोठतंय बघा.” ढग किंवा वारा असेल तर कितीही हुडहुडी भरली तरी सहसा गोठत नाही, कारण ढग जमिनीची ऊब अडवतात आणि वारा गार हवेला साचू देत नाही. झाकण अंधार पडायच्या आत घालायचं, म्हणजे जमिनीतली ऊब आतच राहते. सगळ्यात कडक वेळ पहाटेपासून सूर्य उगवून थोडा वर येईपर्यंतची. पुष्कळ जण वाफ्याच्या कडेला पालापाचोळा पेटवून धूर करतात. धुराचं पांघरूण ऊब फारशी अडवत नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा, म्हणून धुमसत्या एका ढिगापेक्षा लहान लहान शेकोट्या बऱ्या. दादा तुषार सिंचन लावतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, ती फुलाला वाचवते. पण बर्फ वितळेपर्यंत ते बंद करायचं नाही, मध्येच थांबलं तर नुकसान दुप्पट.

दुसऱ्या दिवशी मी स्ट्रॉबेरीची फुलं एकेक बघते. मधला पिवळा भाग काळा पडला असेल तर त्या फुलाचं फळ होत नाही, ते खुडून टाकते. कळ्या बहुधा वाचलेल्या असतात. मिरची-वांग्याचे करपलेले शेंडे मात्र लगेच छाटत नाही. वाळका पाला खालच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट निघते त्या जागांना, पुढच्या गारठ्यात आडोसा देतो, आणि छाटणीने निघालेली कोवळी फूट पुढच्या गोठणाऱ्या पहाटेला हमखास जाते. महाशिवरात्रीच्या सुमारास खोडाच्या खालून हिरवे डोळे फुगलेले दिसले की त्यांच्या वरती कात्री लावायची आणि बुडाशी शेणखत घालायचं.