हवालदारतात्यांचं कार्ड

सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डाचं शिबिर असलं की आमचा निम्मा दिवस बोटांत जातो. जन्मभर खुरपं धरलेल्या हाताचा ठसा मशीन उचलत नाही. ओल्या फडक्यानं अंगठा पुसायचा, कोरडा करायचा, तरी नाहीच तर दुसरी बोटं लावून बघायची. शेवटी चेहऱ्यावर केवायसी. ॲप पापण्या मिटायला सांगतं आणि मोतीबिंदूवाल्या आजी माझ्याकडंच बघत बसतात. त्यांना उजेडात आणून पदर मागं घ्यायला लावला की बहुतेकदा जमतं. गाव पंचाहत्तरीचं म्हणतं आणि आधार ६८ चं, अशांना मात्र परत पाठवावं लागतं. वय आधारचंच धरतात.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खाजगी दवाखान्यात आरोग्यमित्र आहे, म्हणजे सरकारी योजनेच्या पेशंटची नोंदणी करते, आणि शिबिरांना अधूनमधून जाते. त्या दिवशी रांगेत ७२ वर्षांचे, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदारतात्या होते, सोबत मुलगा. अंगठा पहिल्याच फटक्यात लागला. पुढं स्क्रीनवर प्रश्न आला, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) वगैरेचा लाभ घेता का?

"ईसीएचएस आहे की," तात्या म्हणाले.

ऑपरेटर पोरगं कुजबुजलं, "ताई, 'नाही' दाबू का? कोण बघतंय." दिवसाचं टार्गेट असल्यावर पोरांना दुसरं सुचत नाही, आणि टार्गेट देणारे साहेब कधी रांगेत उभे राहिलेले नसतात.

मी थांबवलं. खाजगी पॉलिसी किंवा कामगारांची ईएसआय योजना असती तर दोन्ही चाललं असतं. ईसीएचएसवाल्याला मात्र दोन्हींतलं एकच निवडावं लागतं, तेही एकदाच. मुलगा म्हणाला, "उत्पन्नाची अट नाही, पाच लाख देतायत. मग सोडायचं कशाला?" ऑक्टोबर २०२४ मध्ये ही योजना आल्यापासून लोकांच्या डोक्यात फक्त 'पाच लाख' बसलंय. हे पैसे भरती झाल्यावरचे. ओपीडी नाही, महिन्याच्या गोळ्या नाहीत. तात्यांना बीपी आणि शुगर, गोळ्या साताऱ्याच्या ईसीएचएस पॉलीक्लिनिकमधून फुकट मिळतात. काकू ६६ वर्षांच्या, म्हणजे हे कार्ड त्यांना नाहीच. त्यांच्या दम्याचे पंपही तात्यांच्या ईसीएचएसवरच चालतात.

हे सगळं मी सांगितलं. तात्यांना पटलं.

मुलगा म्हणाला, "मॅडम, रात्री दोनला छातीत दुखलं तर साताऱ्याला कोण नेणार? इथला तालुक्याचा दवाखाना ईसीएचएस घेत नाही, हे कार्ड घेतो."

इमर्जन्सीत कुठंही नेता येतं, बिलाचे पैसे ईसीएचएसकडून नंतर मिळतात, हे मला ठाऊक होतं. तसं बोललेही. पण आधी स्वतःचे पैसे भरायचे आणि मग कागद घेऊन हेलपाटे घालायचे, हेही ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "आणि आधी भरायचे कुठून?" त्यावर मला बोलता आलं नाही. गोळ्या रोजच्या, ॲटॅक कदाचित कधीच नाही. कागदावर माझा हिशोब बरोबर आहे. पण त्याच्या घरातून साताऱ्याला रात्री गाडी मिळत नाही, हे त्या हिशोबात कुठं बसवायचं?

तात्या कार्ड न काढता गेले.

पुढं काही दिवसांनी मुलगा शेजारच्या पेशंटला घेऊन आमच्या दवाखान्यात आला. मोबाईल पुढं केला. तात्यांचं कार्ड, फोटोसकट. "दुसऱ्या सेंटरवर झालं. त्यानं 'नाही' टाकलं." तात्यांना सांगितलंय का विचारलं, तर म्हणाला, "त्यांना काय कळतंय." सैन्यात हवालदार झालेल्या माणसाबद्दल बोलत होता तो. गोळ्या अजून साताऱ्याहूनच येतात. मी म्हटलं, हे खोटं लिहून दिल्यासारखं आहे, एक काहीतरी ठरवा आणि दुसरं सोडा. तो हसला आणि पेशंटचं रेशनकार्ड माझ्यापुढं सरकवलं.

तात्यांना उद्या आणलं तर बहुधा आमच्याच दवाखान्यात आणतील. रात्रपाळी माझी असेल तर नोंदणी मलाच करायची आहे.