कार्डिंग्टन ते कराची, व्हाया बोव्हे

उत्तर फ्रान्समधलं बोव्हे आणि त्याला लागून असलेलं अलोन नावाचं खेडं. फ्रान्सला गेलेला मराठी माणूस इथे सहसा फिरकत नाही, आणि मीही प्रत्यक्षात गेलेले नाही. मी गेले ते संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये, ऑक्टोबरातल्या रात्री, पावसात, एअरलँडर १० नावाचं हायब्रिड मालवाहू एअरशिप, म्हणजे गॅसच्या जोरावर तरंगणारं हवाई जहाज, घेऊन. पाच टन माल, बाकी इंधन. जायचं होतं कराचीला. पण त्या खेड्यावर जी पंधरा-वीस मिनिटं गेली त्यांनी मला इतकं हलवलं की बाकीच्या प्रवासाबद्दल लिहायला फारसं काही उरलेलंच नाही.

मार्ग माझा नव्हे. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ब्रिटिशांची आर१०१ ही एअरशिप इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून याच वाटेने निघाली होती. मधला थांबा इजिप्तमधलं इस्माइलिया, मुक्काम कराची. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होती. शाळेच्या इतिहासात मुंबई इलाखा शिकलो, पण त्या इलाख्याला लंडनशी आकाशमार्गे जोडण्यासाठी कराचीत एअरशिप बांधून ठेवायचा खांब आणि एक अवाढव्य शेड बांधून तयार होती, हे कोणी सांगितलं नाही. स्थानिक लोक त्या शेडला काळा छप्परा म्हणायचे. ज्या जहाजासाठी ती बांधली ते तिथे कधी पोचलंच नाही.

आर१०१ ज्या शेडमध्ये बांधली गेली त्याच शेडमधून एअरलँडर १० बाहेर आलं, म्हणून मी हेच जहाज निवडलं. १७ ऑगस्ट २०१६ ला ते कार्डिंग्टनहून पहिल्यांदा उडालं आणि पुढच्याच आठवड्यात उतरताना नाकावर आपटलं. लांबी ९२ मीटर. पोटात हेलियम, तोही सगळं वजन उचलण्याइतका नाही. साधारण साठ टक्के भार हेलियम उचलतो. उरलेला भार जहाजाच्या चपट्या, जोडपोटी आकारावर वाहणारी हवा आणि चार डिझेल इंजिनांचे पंखे मिळून पेलतात. त्यामुळे इंजिनं बंद केली की ते जमिनीवर बसून राहतं, फुग्यासारखं सुटत नाही. मालवाहतुकीत याला फार मोल आहे. साध्या एअरशिपमधून पाच टन माल उतरवला की ती पाच टनांनी हलकी होते आणि वर जायला बघते, मग तेवढंच पाणी किंवा दुसरं वजन भरत बसावं लागतं. हायब्रिडचं वजन मुळातच हवेपेक्षा जास्त ठेवलेलं असल्याने हा त्रास बराच कमी.

हवामान मी हाताने लावलं. आताचं खरं हवामान घेतलं असतं तर त्या रात्रीचं काहीच कळलं नसतं. नैर्ऋत्येचा वारा पस्तीस नॉट (ताशी सुमारे ६५ किलोमीटर), पाऊस, ढग खाली उतरलेले. लंडन ओलांडलं, हेस्टिंग्जजवळ किनारा सोडला. हवेतला वेग साठ नॉट दिसत होता, पण वारा जवळजवळ समोरून, त्यामुळे जमिनीवरचा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास. इंग्लिश खाडीच ओलांडायला आर१०१ ला त्या रात्री दोन तास लागले होते. माझी अवस्था वेगळी नव्हती. जेट विमानं उडवणाऱ्या सिमवाल्यांना हा वेग कंटाळवाणा वाटतो. मला वाटतो तो माणसाच्या मापाचा. खालचा एकेक दिवा येतो, थांबल्यासारखा होतो, मग मागे जातो.

मध्यरात्रीनंतर आर१०१ मधले बडे प्रवासी जेवून, सिगार ओढून झोपले होते. पोट हायड्रोजनने भरलेलं, तरी जहाजात सिगार ओढायची खास खोली होती! रात्री दोनला पाळी बदलली. ज्यांनी गेले काही तास जहाजाचा जडपणा हातात जोखला होता ते विश्रांतीला गेले आणि नवी माणसं सुकाणूवर आली. त्यानंतर थोड्याच मिनिटांत बोव्हेच्या टेकाडावर जहाजाचं नाक खाली गेलं.

माझंही तिथेच गेलं. वाऱ्याचा झटका बसला आणि नाक खाली झुकू लागलं. मी स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायची दांडी, मागे ओढली. काही नाही. विमानात स्टिक ओढली की क्षणात जाणवतं. इथे एवढा मोठा देह हलायला वेळ घेतो. उंचीचा काटा उतरतोय, क्षितिजाची रेषा वर सरकतेय, हात पूर्ण मागे, इंजिनं पूर्ण, आणि जहाज अजून मागच्याच आज्ञेत आहे. मनात आकडे मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पाचाला नाक थांबलं. मग हळूहळू वर यायला लागलं, आणि आता ते फार वर जाऊ नये म्हणून आधीच उलटा हात द्यायचा होता. इतक्यात दुसरा झटका.

आर१०१ पहिल्या डुबकीतून सावरली होती. दुसरीतून नाही. तिची लांबी २३७ मीटर, माझ्या जहाजाच्या अडीच पट. मला पाच आकडे मोजावे लागले, तर त्या सुकाणूवरच्या माणसाला किती? पावसाने भिजलेलं कापड, आत बैलाच्या आतड्याच्या पातळ पडद्याचं अस्तर लावलेल्या, घासून घासून गळणाऱ्या गॅसच्या पिशव्या. जहाज आधीच जड, आणि त्याच्याकडे माझ्यासारखे वर ढकलणारे पंखे नाहीत. टेकाडावर ती आदळली तेव्हा वेग अगदी कमी होता. नुसत्या आदळण्याने बहुतेक जण वाचले असते. मग हायड्रोजन पेटला. ५४ पैकी ४८ माणसं गेली. वाचलेले सहाही जहाजावरचे कर्मचारी, त्यातले बहुतेक बाहेर टांगलेल्या इंजिनांच्या खोल्यांतले. झोपलेला ब्रिटिश हवाईमंत्री गेला, अधिकारी सगळे गेले.

मी लगेच पुढे गेले नाही. वाऱ्याला तोंड देऊन अलोनच्या शेतांवर हळूहळू उतरवलं. उतरल्यावर पंखे उलटे फिरवून जहाज जमिनीला दाबून धरावं लागतं, नाहीतर वारा त्याला फरफटवतो. तसं दाबून धरलं आणि बाहेरचा कॅमेरा लावून बघितलं. शेत, कुंपणं, झाडं, रस्ता. त्या रस्त्याच्या कडेला मृतांचं स्मारक उभं आहे. सिम्युलेटरमध्ये नाही. पॅरिसमधली खिडकी न् खिडकी उभी करणाऱ्यांना एक दगड उभा करता आला नाही याचा मला खरोखर राग आला, अजूनही आहे.

आणि त्याहून मोठा राग त्या निघण्याच्या तारखेचा. हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन यांना भारतात जाऊन ऑक्टोबरातल्या साम्राज्य परिषदेसाठी वेळेत परतायचं होतं. जहाज वजन उचलत नव्हतं म्हणून ते मधोमध कापून एक नवा तुकडा घातला होता. त्यानंतर पूर्ण वेगाची चाचणी झालीच नव्हती. उड्डाणाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र निघण्याच्या तोंडावर हातात दिलं गेलं. इस्माइलियाला जहाजावरच मेजवानी ठरलेली, तिच्यासाठी गालिचा चढवलेला. खांबावरून सुटताना वर यायला चार टन पाणी टाकावं लागलं. इतकं जड आहे हे त्या क्षणी सगळ्यांना दिसत होतं. मी पाच टन माल भरताना प्रत्येक शंभर किलोचा हिशोब बघत होते, आणि इथे हिशोब कळूनही माणसं निघाली, कारण तारीख ठरली होती. या अपघाताच्या चौकशी समितीचे अध्यक्ष कोण होते, तर सर जॉन सायमन. होय, तेच. ज्यांच्यासाठी १९२८ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरावर काळे झेंडे लागले ते सायमन. आपल्याकडे त्यांचं नाव एका घोषणेपुरतं उरलंय. १९३१ साली आलेला त्यांचा हा अहवाल मात्र शांतपणे वाचण्यासारखा आहे.

मग परत उडाले. फ्रान्स, इटली, भूमध्य समुद्र असंच गेलं. इस्माइलियाला पहाटे सुएझ कालवा दिसला, इंधन घेतलं. अरबस्तानचं वाळवंट मी सिम्युलेटरमधली वेळ वेगाने पळवून काढलं. दुपारी उन्हाने हेलियम तापतो आणि जहाज उगाच हलकं होतं, त्यामुळे नाक सतत खाली दाबावं लागत होतं.

कराचीला काळा छप्परा आता नाही. विमानतळाच्या परिसरात मोकळ्या जागेवर उतरवलं, माल उतरवला. पाच टन गेले तशी जहाजाची जमिनीवरची पकड सैल झालेली काट्यावर दिसली. पंख्यांचा उलटा जोर थोडा वाढवला आणि ते जागेवर राहिलं.

कोणाला ही वाट करायची असेल तर वारा स्वतः लावा, नैर्ऋत्येचा, पस्तीस नॉट. बोव्हेच्या आधी उंची कमी ठेवा, हजार-बाराशे फूट, ते लोक साधारण तेवढ्यावर होते. वेळ पळवू नका. आणि आर१०१ ची भावंड असलेली आर१००, जी त्याच उन्हाळ्यात कॅनडाला जाऊन सुखरूप परत आली आणि तरीही या अपघातानंतर मोडीत काढली गेली, तिचं उडवण्याजोगं मॉडेल कोणाकडे असेल तर मला जरूर कळवा. पुढची फेरी माँट्रियलची करायची आहे.