पिनबॉलची डावी फ्लिपर आणि मोटरी बांधणारे अण्णा

माझ्या मामांचा गड्ड्यात खेळांचा स्टॉल असायचा, सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेला जानेवारीत होम मैदानावर भरतो तो गड्डा, तिथं त्यांच्याकडं एक अमेरिकन पिनबॉल मशीन होतं, १९७०च्या दशकातलं, सगळं रिले (विजेवर उघडमिट होणारे स्विच) आणि कॉइलवर (विजेनं दांडा ओढणारी तारेची गुंडाळी) चालणारं, आत एक चिप नाही. मामा गेल्यावर ते मागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडून होतं. मागच्या दिवाळीत मामी म्हणाली, "घेऊन जा रे बाबा, नाहीतर भंगारात जाईल." दुसऱ्याच दिवशी छोटा हत्ती बोलावला.

मशीन ११० व्होल्टचं, मामांचा ट्रान्सफॉर्मर सोबत होता म्हणून बरं. चालू केलं, दिवे लागले, स्कोअरची चाकं खडखडत शून्यावर आली, अंगावर काटा आला खरंच. पण डावी फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की बॉलला फटका मारणारी पट्टी, हलेना. काच काढून खेळायची फळी वर उचलली तर फ्लिपरच्या कॉइलवरचा कागद जळून काळा.

ह्या कॉइलमध्ये दोन वेढे असतात, एक जाड तारेचा फटका मारायला, एक बारीक तारेचा फ्लिपर नुसती वर धरून ठेवायला. फ्लिपर पूर्ण वर गेली की शेवटी एक छोटा स्विच उघडतो आणि बारीक वेढा मधे येऊन करंट कमी होतो. तो स्विच उघडलाच नाही तर जाड तारेतून पूर्ण करंट वाहत राहतो आणि बटण दाबून धरलं की कॉइल जळते. माझ्यात तेच झालेलं, स्विचची पट्टी वाकलेली.

नवी कॉइल बाहेरून मागवायची तर महिना जाणार. शेवटी लूमच्या (यंत्रमागाच्या) मोटरी बांधणाऱ्या एका अण्णांकडं गेलो. त्यांनी हातात फिरवून बघितली, "ह्यात दोन तारा कशाला ओ?" मी समजावलं, मग त्यांनी जुनी तार उलगडत एकेक वेढा मोजला, दोन्ही तारांची जाडी मापली आणि संध्याकाळपर्यंत तशीच्या तशी बांधून दिली. आपल्या सोलापुरात हे हात आहेत म्हणून जमलं!

तरी फ्लिपर अडकायचीच. मामांनी कॉइलमधला दांडा सरकतो त्या नळीत शिलाई मशीनचं तेल घातलेलं, वाटलं असेल सुरळीत चालेल, पण शेजारी लूम, कापसाचे तंतू सतत उडणारे, तेलात बसून घट्ट राप झालेला. नळी कोरडीच पाहिजे, तेल अजिबात नको. स्पिरिटनं पुसली, पट्टी सरळ केली, स्विचचे पॉइंट घासले, आणि पहिला फटका बसला तेव्हा ठक् असा आवाज आला ना, तो मोबाईलवर कधीच येणार नाही, ८० ग्रॅमचा लोखंडी बॉल जाऊन बंपरवर आपटतो आणि लाकूड तळहातात थरथरतं.

रबरं उन्हाळ्यानं पार वाळलेली, एमआयडीसीतल्या ओ-रिंग लावून बघितल्या, कडक निघाल्या, बॉल उसळेना, ती मात्र बाहेरूनच मागवली. गंजलेला बॉल पण बदलला, खरखरीत बॉल फळीवरचा रंग खातो.

राहिली मागची काच. तिच्यावरचं चित्र आतून रंगवलेलं असतं, पापुद्रे सुटायला लागलेत. सध्या मशीन पश्चिमेच्या खिडकीपासून हलवून उत्तरेच्या भिंतीला लावलंय, काचेला हात लावायचा नाही असं पोरांना सांगितलंय, आणि कापडानं पुसायचं तर मी पण धजावत नाही.