‘वाजवी’ या एका शब्दाचे वजन

भारतीय संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख नाही, हे प्रथम लक्षात आले तेव्हा मला ते खटकले होते. अनुच्छेद १९(१)(क) नागरिकाला जे भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो, त्यातच पत्रकाराचेही सामावलेले आहे.

१९५० साली रमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावर मद्रास राज्यात घातलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा या स्वातंत्र्यावर ज्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात, त्यांच्या संविधानातील यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ नव्हती; पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ती आणली. मात्र त्याच दुरुस्तीने निर्बंधांमागे ‘वाजवी’ हे विशेषणही जोडले आणि त्यामुळे निर्बंध तपासण्याचा अधिकार न्यायालयांच्या हाती आला. माझ्या मते हीच त्या दुरुस्तीची खरी कमाई.

गळचेपी नेहमी बंदीच्या हुकमानेच होते असे नाही. १९७२ मध्ये सरकारने कागदटंचाईचे कारण देऊन दैनिकांना दहा पानांची मर्यादा घातली होती. बातमीवर बंदी नव्हती, फक्त ती छापायला जागा उरत नव्हती (युक्ती म्हणून मानलेच पाहिजे). ‘टाइम्स ऑफ इंडिया’ चालवणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा घटनाबाह्य ठरवली.

फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद मात्र २०१६ मध्ये न्यायालयाने वैध ठरवली, आणि जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही ती दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कारावासासह कायम आहे. हा निर्बंध वाजवी आहे, हे मला अद्याप पटलेले नाही.