प्रस्ताव एआयकडून लिहून घ्यावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ग्रामीण भागातल्या छोट्या संस्थांना अनुदानाचे प्रस्ताव लिहायला मी मदत करते. हल्ली बैठक संपली की कुणीतरी बाजूला घेऊन हाच प्रश्न विचारतं. माझं उत्तर असं, की घ्या जरूर, पण आकडे आणि माणसं त्याच्यावर सोपवू नका.

‘घ्या’ हे मनापासून म्हणते. जिथे दोन-तीनच माणसं, तीच गावोगाव फिरणार आणि तीच हिशेब लिहिणार, तिथे इंग्रजी फॉर्म रात्री जागून भरला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. त्याआधी ज्याला सल्लागार परवडायचा त्याचाच प्रस्ताव नीट दिसायचा. आता भाषेपायी चांगलं काम मागे पडणं थोडं तरी कमी होईल.

पण एका कार्यकर्तीनं मला सांगितलं होतं, “आई पाण्याला गेली की तान्हं बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर. मग ती शाळेत कशी येणार?” एआयनं त्याचं ‘बालिकांच्या शैक्षणिक सक्षमीकरणासाठी सर्वसमावेशक उपक्रम’ करून टाकलं. वाक्य शुद्ध होतं, पण त्यात ती मुलगी कुठेच नव्हती. आधी वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे पाहून ते लिहितं. म्हणून सगळ्यांचे प्रस्ताव एकसारखे वाटू लागतात. माहिती नसेल तिथे ते बेधडक आकडाही घालतं. एका मसुद्यात कुपोषणाची टक्केवारी आली, जी आमच्या वजनांच्या वहीत नव्हतीच. तसा आकडा मंजूर झाला, तर वर्षअखेरीच्या अहवालात त्याचा जाब संस्थेलाच द्यावा लागतो.

म्हणून मी आधी कार्यकर्तीला बोलू देते, फोनवर रेकॉर्ड करते, लाभार्थींची नावं आणि आजार काढून टाकते, आणि मगच एआयला मसुदा करायला सांगते. तिची वाक्यं मात्र तिचीच राहतात.

निधी देणाऱ्यांची अडचणही खरी आहे. एआयमुळे लिहिणं सोपं झालं, की अर्जांचा ढीग वाढतो. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे एका संशोधकानं एकाच फेरीत ४० हून अधिक अर्ज केले होते. २०२५ मध्ये तिनं माणशी वर्षाला ६ अर्जांची मर्यादा घातली. परीक्षकांनी अर्ज तपासताना असं एआय वापरू नये, हे तिनं २०२३ मध्येच बजावलं होतं, कारण तिथे अर्जाची गोपनीयता धोक्यात येते.

मला खरी भीती वेगळीच आहे. अर्जांच्या ढिगाला कंटाळून देणगीदार खुले अर्ज बंद करतील आणि ओळखीतल्या संस्थांनाच बोलावतील. दूरच्या गावातल्या संस्थेची कुणाशी ओळख असणार? देणगीदारांना माझं सांगणं, त्यापेक्षा आधी दोनच पानं मागा. कार्यकर्तीच्या भाषेतलं ध्वनिमुद्रण चालेल असं जाहीर करा. फॉर्म तपासण्यात वाचलेले दिवस गावात जाऊन घालवा, आणि वजनांची वही तिथेच उघडून बघा.